हजेरी बंद झाल्यानंतरची दहा मिनिटं: कॅलिफोर्नियातल्या एका वेतन-खटल्याचा अभ्यास

१०२ डॉलर आणि ६७ सेंट. एवढ्या वेतनावरून सुरू झालेला वाद सहा वर्षं चालला आणि कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २६ जुलै २०१८ रोजी निकाल लागला, तेव्हा राज्यात तासावर पगार देणाऱ्या मालकांना आपली हजेरीची पद्धत नव्याने तपासावी लागली. हा खटला 'ट्रोस्टर विरुद्ध स्टारबक्स' या नावाने ओळखला जातो. वेतन आणि कामाचे तास यांबद्दलचा राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्यापेक्षा किती पुढे जाऊ शकतो, हे समजायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. यात मारहाण नाही, धमकी नाही, पगार बुडवून पळून जाणारा मालकही नाही. आहे ती फक्त हजेरी बंद झाल्यानंतरची काही मिनिटं.

काय घडत होतं

वादी ट्रोस्टर स्टारबक्सच्या एका दुकानात शिफ्ट सुपरवायझर होता. पदाचं नाव मोठं वाटलं तरी पगार तासावरचा होता. वाद होता २००९ च्या मध्यापासून ऑक्टोबर २०१० पर्यंतच्या १७ महिन्यांबद्दल. त्या काळात रात्री दुकान बंद करायची जबाबदारी त्याच्यावर असे, आणि ती कोणत्या क्रमाने पार पाडावी लागे ते नीट पाहायला हवं, कारण सगळं प्रकरण त्या क्रमावर उभं आहे.

आधी त्याने स्वतःची हजेरी बंद करायची, म्हणजे क्लॉक आउट करायचं. त्यानंतर मागच्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'क्लोज स्टोअर' ही प्रक्रिया सुरू करायची. दिवसभराची विक्री, नफा-तोटा आणि शिल्लक माल यांची माहिती त्यातून कंपनीच्या मुख्यालयाकडे जायची. मग अलार्म लावायचा, बाहेर पडायचं आणि दाराला कुलूप घालायचं. एवढ्याने सुटका नव्हती. रात्रीची वेळ असल्याने सहकाऱ्यांना त्यांच्या गाडीपर्यंत सोडायचं, असा कंपनीचाच नियम होता. कधी एखाद्याची वस्तू आत राहिली तर पुन्हा दार उघडून द्यावं लागे. कोणाला न्यायला येणारी गाडी उशिरा आली तर सोबत थांबावं लागे. अंगणातल्या खुर्च्या-टेबलं चुकून बाहेर राहिली असतील तर ती आत आणावी लागत.

या सगळ्याला दर वेळी चार ते दहा मिनिटं लागत. १७ महिन्यांची बेरीज झाली १२ तास ५० मिनिटं. कॅलिफोर्नियाचं किमान वेतन तेव्हा तासाला ८ डॉलर होतं. गुणाकार केला की १०२ डॉलर ६७ सेंट येतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की हजेरी आधी बंद केल्याशिवाय कंपनीचं सॉफ्टवेअर बंद करण्याची प्रक्रिया सुरूच करू देत नव्हतं. कामगार विसरला, त्याने घाई केली, नोंद चुकवली, असं काही झालं नाही. मालकाने घालून दिलेल्या क्रमातच बिनपगारी काम बसवलेलं होतं, आणि बंद करायची पाळी असलेल्या प्रत्येक रात्री ते न चुकता घडत होतं. या खटल्याबद्दल बोलताना बरेच जण रकमेवरच थांबतात. मला मात्र हा क्रम जास्त बोलका वाटतो. मुख्यालयाला आकडे पाठवणं हे काम नाही, असं म्हणायची कोणाची छाती होईल?

मजला आणि छत

अमेरिकेत वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ चा आहे, फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट. किमान वेतन, आठवड्याला ४० तासांवरच्या कामाला दीडपट दर आणि बालमजुरीला आळा या तीन गोष्टी त्याने देशभर लागू केल्या. पण हा कायदा मजल्यासारखा आहे: त्याच्या खाली कोणालाही जाता येत नाही, वर किती बांधायचं ते राज्याने ठरवावं. केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलेलं आहे. कॅलिफोर्नियाचं किमान वेतन २०२४ मध्ये १६ डॉलरवर पोचलं होतं, आणि मोठ्या फास्ट फूड साखळ्यांतल्या कामगारांना तर १ एप्रिल २०२४ पासून २० डॉलर मिळू लागले.

तासांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. समजा, एखादी व्यक्ती आठवड्यातून चार दिवस रोज १० तास काम करते. एकूण ४० तास झाले, म्हणून केंद्राच्या कायद्याने ओव्हरटाइम शून्य. कॅलिफोर्नियात मात्र हिशेब दिवसाचा होतो. आठ तासांनंतर दीडपट, बारा तासांनंतर दुप्पट. म्हणजे त्याच व्यक्तीला त्याच कामाचे आठ तास दीडपट दराने मिळतात. कामगारांनी रीतसर मतदान करून दहा तासांचं पर्यायी वेळापत्रक स्वीकारलं असेल तर गोष्ट वेगळी. याशिवाय पाच तासांहून जास्त काम असेल तर पाचवा तास संपायच्या आत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यावी लागते, साधारण दर चार तासांमागे दहा मिनिटांची पगारी विश्रांती द्यावी लागते, आणि ती दिली नाही तर त्या दिवसासाठी एका तासाचा जादा पगार. केंद्राचा कायदा मोठ्या माणसांच्या जेवणाच्या किंवा विश्रांतीच्या सुट्टीची सक्ती करत नाही.

आपल्याकडेही कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्र आणि राज्य दोघांचे कायदे शेजारी शेजारी नांदतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला आहे. दर कागदावर कितीही चांगला असला तरी जादा वेळ मोजायचा कुठून, याच प्रश्नावर सगळं अडतं. शटर अर्धं ओढल्यानंतर गल्ला मोजणारा, कार्डमशीनची दिवसाची बेरीज जुळवणारा, दुसऱ्या दिवशीचा माल लावून ठेवणारा मुलगा पुण्या-मुंबईच्या प्रत्येक बाजारपेठेत दिसतो. त्याची ती पंधरा-वीस मिनिटं कुठल्या रजिस्टरात असतात?

कंपनीचं म्हणणं

कंपनीने 'डी मिनिमिस' तत्त्वाचा आधार घेतला. कायदा क्षुल्लक गोष्टींची दखल घेत नाही, असा त्याचा आशय. वेतनाच्या क्षेत्रात हे तत्त्व आलं १९४६ मध्ये, मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स पॉटरी या भांड्यांच्या कारखान्याच्या खटल्यातून. घड्याळात कार्ड टोचल्यावर आपल्या जागेपर्यंत चालत जाणं आणि कामाची तयारी करणं, याचा पगार मिळावा अशी तिथल्या कामगारांची मागणी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मागणीचं मूळ तत्त्व मान्य केलं, पण सेकंद-दोन सेकंदांचे, काही मिनिटांचे हिशेब करत बसणं व्यवहाराला धरून नाही, असंही सांगून ठेवलं. पुढे १९८४ मध्ये लष्कराच्या अभियंता विभागाच्या जलविद्युत केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात नवव्या विभागाच्या, म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांतली अपिलं ऐकणाऱ्या, केंद्रीय अपील न्यायालयाने तीन कसोट्या ठरवल्या: तेवढा वेळ नोंदवणं प्रत्यक्षात किती अवघड आहे, एकूण वेळ किती होतो आणि ते काम किती नियमितपणे करावं लागतं. त्या निकालानंतर दिवसाला दहा मिनिटांच्या आतला वेळ सोडून देता येतो, असा एक सर्वसाधारण समज वकिलांमध्ये आणि मनुष्यबळ विभागांत रुजला.

२०१२ मध्ये वादीने लॉस एंजेलिसच्या राज्य न्यायालयात दावा लावला. तो एकट्यासाठी नव्हता. कॅलिफोर्नियातल्या स्टारबक्सच्या दुकानांत व्यवस्थापक नसलेले आणि बंद करण्याचं काम करणारे सगळे कामगार त्यात यावेत, अशी मागणी होती. असा सामूहिक दावा नसता तर हे प्रकरण जन्मालाच आलं नसतं. शंभर डॉलरसाठी कोणी वकील लावत नाही, आणि नेमक्या याच हिशेबावर थोड्या-थोड्या वेळेचं बिनपगारी काम सर्वत्र तगून राहतं. एकाचे शंभर डॉलर ही किरकोळ रक्कम. दहा हजार कामगारांचे ते दहा लाख होतात, आणि मालकाच्या ताळेबंदात ही बचत एकत्रच दिसते.

कंपनीने खटला केंद्रीय न्यायालयात हलवला. तिथल्या न्यायाधीशांनी दहा मिनिटांचा मापदंड लावून सुनावणीआधीच कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नवव्या विभागाच्या अपील न्यायालयासमोर प्रकरण आल्यावर त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. कॅलिफोर्नियाचा कायदा काय सांगतो हे आपण अंदाजाने ठरवण्यापेक्षा कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयाला विचारलेलं बरं, असं म्हणून त्यांनी २०१६ मध्ये प्रश्न तिकडे पाठवला.

निकाल

न्यायमूर्ती गुडविन लिऊ यांनी लिहिलेल्या निकालाने प्रश्न दोन पायऱ्यांत सोडवला. पहिली पायरी: केंद्राचं हे तत्त्व कॅलिफोर्नियाच्या वेतनविषयक कायद्यांनी आणि आदेशांनी कधी आपलंसं केलं आहे का? उत्तर आलं, नाही. राज्याच्या औद्योगिक कल्याण आयोगाच्या आदेशात कामाच्या वेळेची व्याख्या अशी आहे की कामगार मालकाच्या नियंत्रणाखाली असतो तो सगळा वेळ, आणि मालक त्याला काम करू देतो तो सगळा वेळ, मग ते काम सक्तीचं असो वा नसो. आदेश 'सगळ्या' तासांच्या पगाराबद्दल बोलतो आणि ओव्हरटाइमचं कलम आठ तासांवरच्या 'कोणत्याही' कामाबद्दल. आयोगाला जिथे केंद्राचा नियम हवा होता तिथे त्याने तसं स्पष्ट लिहिलं आहे. इथे लिहिलेलं नाही. राज्याच्या कामगार विभागाच्या अंमलबजावणी-पुस्तिकेत हे केंद्रीय तत्त्व घेतलेलं होतं आणि कंपनीने त्याकडे बोट दाखवलं, पण अशी पुस्तिका न्यायालयावर बंधनकारक नसते.

दुसरी पायरी जास्त अवघड होती. केंद्राचं तत्त्व बाजूला ठेवलं तरी कायदा क्षुल्लक गोष्टींकडे लक्ष देत नाही हे वचन खुद्द कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत आहे. मग ते इथे लागू होतं का? न्यायालयाने सांगितलं, या प्रकरणात होत नाही. मालक कामगाराला हजेरी बंद झाल्यावर रोज काही मिनिटं काम करायला लावतो, तेव्हा त्या मिनिटांचा पगार द्यावा लागेल.

त्यामागची कारणमीमांसा वाचण्यासारखी आहे. १९४६ सालचा नियम आला तेव्हा कार्ड टोचायची घड्याळं होती आणि मिनिटामिनिटाचा हिशेब हाताने करावा लागे. सत्तर वर्षांनंतर तीच अडचण पुढे करणं पटत नाही. आणि अडचण खरोखर असलीच तर ती कोणी सोसायची? कामाचा क्रम मालक ठरवतो, सॉफ्टवेअर मालक निवडतो, हजेरीचं यंत्र मालक बसवतो. त्यामुळे तोडगा काढण्याच्या जागी तोच आहे. काम अशा रीतीने मांडता येईल की हजेरी शेवटी बंद होईल. मोजायची साधनं आणता येतील. तेही जमत नसेल तर पाहणी करून त्या कामाला सरासरी किती वेळ लागतो ते काढता येईल आणि तेवढा पगार देता येईल. मोजता येत नाही म्हणून शून्य, हा मार्ग मात्र बंद झाला.

रकमेबद्दल न्यायमूर्ती लिऊ यांनी सांगितलं की १०२ डॉलर ६७ सेंटमध्ये घरच्या विजेचं किंवा पाण्याचं बिल भरता येतं, आठवड्याचा किराणा येतो किंवा महिनाभराचं बसभाडं निघतं. कंपनी ज्याला क्षुल्लक म्हणते ते तासावर राबणाऱ्या अनेक सामान्य माणसांसाठी क्षुल्लक नसतं. एवढं साधं विधान इतक्या वरच्या न्यायालयाच्या निकालपत्रात वाचून मला मनापासून समाधान वाटलं. वेतनाचा कायदा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या घरातून या रकमेकडे पाहिलेलं आहे.

मालकाची बाजू, आणि उघडा राहिलेला प्रश्न

हा निकाल म्हणजे प्रत्येक सेकंदाचा पगार, असं नाही. एखादं काम इतकं अल्प किंवा इतकं अनियमित असू शकेल की त्याची नोंद करण्याची अपेक्षाच रास्त ठरणार नाही. अशी परिस्थिती असते का, हे ठरवणं न्यायालयाने मुद्दाम टाळलं. न्यायमूर्ती लिओन्ड्रा क्रूगर यांनी आपल्या स्वतंत्र सहमतीच्या मतात तशी काही उदाहरणं मांडली. कॉम्प्युटरवर लॉग इन व्हायला एरवी मिनिटभर लागतं, पण क्वचित कधी सॉफ्टवेअर अडखळलं तर दोन-तीन मिनिटं जातात. सुट्टीच्या दिवशी कधीतरी पाळी बदलल्याचा मेसेज येतो आणि तो पाहिल्याचं कळवावं लागतं. पाळी संपवून कामगार गाडीची वाट बघत थांबला आहे आणि एखादा गिऱ्हाईक त्याला काही विचारतो.

छोट्या मालकाला ही उदाहरणं जवळची वाटतील, आणि त्याची चिंता मला खोटी वाटत नाही. दोन-चार माणसं ठेवणाऱ्या उपाहारगृहाच्या मालकाकडे ना मनुष्यबळ विभाग असतो, ना वकील. कॅलिफोर्नियात पगाराची चूक निव्वळ थकबाकी देऊन मिटत नाही: पगारपत्रक चुकलं त्याचा दंड वेगळा, नोकरी सोडताना हेतुपुरस्सर पूर्ण पगार दिला नाही तर ३० दिवसांपर्यंतच्या पगाराएवढा दंड वेगळा. चुकीची किंमत जास्त आहे. तरीही ट्रोस्टर प्रकरणातली मिनिटं क्रूगर यांच्या उदाहरणांत बसत नाहीत. ती क्वचितची नव्हती, अनपेक्षित नव्हती, आणि सॉफ्टवेअरमध्ये हजेरी बंद करण्याची पायरी एक घर पुढे सरकवली असती तर त्यांचा बराचसा भाग आपोआप नोंदला गेला असता.

पुढे काय झालं

या निकालाचा परिणाम लवकरच दिसला. नायकीच्या दुकानांत कामगार बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासल्या जात. त्या खटल्यातही खालच्या न्यायालयाने वेळ क्षुल्लक ठरवून दावा फेटाळला होता. २०१९ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ट्रोस्टरचा आधार घेऊन तो निर्णय उलटवला.

फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅपलच्या दुकानांतल्या झडतीचा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. इथे राज्य आणि केंद्र यांच्यातला फरक लख्ख दिसतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅमेझॉनच्या गोदामांतल्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात एकमताने ठरवलं होतं की पाळी संपल्यावर सुरक्षा तपासणीसाठी रांगेत घालवलेल्या वेळेचा पगार केंद्रीय कायद्याप्रमाणे देणं लागत नाही. सहा वर्षांनी तशाच रांगेबद्दल कॅलिफोर्नियाने उलट उत्तर दिलं. झडती संपेपर्यंत कामगार मालकाच्या नियंत्रणात असतो, म्हणून तो वेळ कामाचा. पिशवी किंवा आयफोन सोबत आणणं ही कामगाराची खासगी सोय आहे, त्याने ते घरी ठेवावं, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. आपला फोन लोकांच्या आयुष्याचा अविभाज्य भाग आहे असं जगाला सांगणारी कंपनीच हा युक्तिवाद करत होती, याचीही निकालात नोंद आहे.

२०२४ मध्ये एका सौरऊर्जा प्रकल्पाच्या फाटकावर गाडीतून बाहेर पडताना तपासणीसाठी थांबलेल्या बांधकाम कामगारांच्या वेळेबद्दलही याच दिशेने निर्णय झाला.

कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकासाठी

बे एरियात किंवा लॉस एंजेलिसकडे आपले विद्यार्थी कॉलेजच्या कॅफेत, जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आणि कामाचा परवाना मिळालेल्या बायका दुकानांत, डे केअरमध्ये तासावर काम करतात. व्हिसाची धास्ती असल्याने दहा-पंधरा मिनिटांसाठी कशाला वाकडं घ्या, असा विचार त्यांच्या मनात येणं स्वाभाविक आहे. म्हणून दोन-तीन गोष्टी सांगणं मला आवश्यक वाटतं.

कॅलिफोर्नियाचा वेतनाचा कायदा स्थलांतराचा दर्जा पाहत नाही. व्हिसा कोणताही असो, केलेल्या कामाचा पगार मागता येतो, आणि मागितला म्हणून मालकाने सूड उगवणं किंवा स्थलांतर खात्याला कळवण्याची धमकी देणं हे स्वतंत्रपणे बेकायदा ठरतं. किमान वेतन आणि ओव्हरटाइमची थकबाकी मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यासाठी लेबर कमिशनरच्या कार्यालयात अर्ज करता येतो. वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. आधी बहुधा समेटाची बैठक होते. तिथे मिटलं नाही तर सुनावणी होते आणि लेखी निर्णय मिळतो. भाषेची अडचण असेल तर दुभाषी मागता येतो.

पुरावा म्हणून रोजची स्वतःची टिपण फार उपयोगी पडते. हजेरी किती वाजता बंद केली, कुलूप किती वाजता लावलं, मधल्या वेळात कोणतं काम केलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवावं. वेळेच्या अचूक नोंदी ठेवणं हे कायद्याने मालकाचं काम आहे. त्याने त्या ठेवल्या नसतील तर कामगाराच्या रास्त अंदाजावर विसंबून निर्णय देता येतो. हा नियमही १९४६ च्या त्याच माउंट क्लेमेन्स निकालातून आलेला आहे आणि कॅलिफोर्नियातली न्यायालयं तो आजही वापरतात.